पार्टागास की पाद्रोन? हाताने वळलेली पहिली उंची सिगार निवडताना

सिगार घ्यायचं मनात आलं की सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, क्यूबाशिवाय दुसरीकडे बघूच नका. दुसऱ्याचं म्हणणं, क्यूबाचं आता नावच उरलंय, सरळ निकाराग्वाची घ्या. देशांच्या अशा कुस्त्या लावून घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून इथे दोन ठरावीक सिगार समोरासमोर ठेवतो. एक क्यूबाची पार्टागास सेरी डी नंबर ४, जिला सगळे नुसतं डी४ म्हणतात. दुसरी निकाराग्वाची पाद्रोन १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी, त्यातला 'एक्स्क्लुसिव्हो' हा आकार.

जोडी मुद्दाम निवडली आहे. दोन्हींची जाडी ५० रिंग गेज, म्हणजे इंचाचे ६४ भाग केले तर त्यांतले ५०. लांबीत थोडा फरक: डी४ १२४ मिलिमीटर, एक्स्क्लुसिव्हो साडेपाच इंच, साधारण १४० मिलिमीटर. शिवाय दोन्ही पूर्णपणे आपापल्या देशाच्या पानांच्या. आतलं भरण, त्याला आवळून धरणारं बाइंडरचं पान आणि वरचं दिसणारं रॅपर, सगळं तिथलंच. त्यामुळे चवीतला फरक आकारामुळे की मातीमुळे, हा गोंधळ बराच कमी होतो.

निवडीच्या आधी एक गोष्ट. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. त्यामुळे ती सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते ही समजूत मात्र खोटी आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारवाल्यांनाही होतो. हे माहीत असूनही कधीमधी एखादी ओढायचीच आहे, त्याच्यासाठी पुढचं.

घराणं एक, माती दोन

पार्टागास हे नाव १८४५ पासूनचं. पाद्रोनच्या नावातलं १९६४ हे साल मायामीचं आहे. क्यूबात १९६० साली तंबाखू उद्योगाचं राष्ट्रीयीकरण झालं, १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू लावणारी, वळणारी कितीतरी माणसं बेट सोडून गेली. होसे ओर्लांदो पाद्रोन त्यांतलेच. त्यांनी १९६४ मध्ये मायामीत सिगार वळायला सुरुवात केली, १९७० मध्ये वळायचं काम निकाराग्वातल्या एस्तेलीत नेलं, आणि ३० वर्षं पूर्ण झाल्यावर, १९९४ मध्ये ही मालिका काढली. बियाणं क्यूबाच्या वाणाचं, वळायची रीतही तिथलीच. बदलली ती जमीन.

ती जमीन चवीत कळते. क्यूबाचं नावाजलेलं पान येतं ते पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागातून. तिथली जमीन तांबूस, वाळूमिश्रित. एस्तेलीची माती काळी, जड, ज्वालामुखीची. तिथलं पान दणदणीत असतं. निकाराग्वातच उत्तरेला हालापा आहे, तिथलं पान गोडसर आणि मऊ. निकाराग्वाची चांगली सिगार बहुधा या दोन टोकांच्या मिश्रणातून घडते.

रंगावर जाऊ नका

डी४ गोल, तपकिरी, हाताला किंचित तेलकट. पाद्रोन चौकोनी दाबलेली, बोटांत छान बसते, आणि ती दोन रंगांत मिळते: नॅचरल आणि मादुरो. इथे नवखा माणूस हमखास फसतो. मादुरो काळीभोर दिसते म्हणून ती जहाल असणार असं वाटतं. खरं तर पान जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलं की ते काळवंडतं आणि त्यात गोडी उतरते. कडकपणा ठरतो तो मुख्यतः आतल्या भरणावर. तंबाखूच्या झाडाची खालची पानं, व्होलादो, सौम्य असतात आणि चांगली जळतात. मधली, सेको, सुगंधाला. वरची, लिगेरो, ज्यांनी सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं असतं, ती जाड, तेलकट आणि कडक. सावकाश जळतात म्हणून वळणारा ती सिगारच्या मधोमध ठेवतो. तुमच्या डोक्याला झिणझिण्या येणार की नाही हे लिगेरो किती घातलंय त्यावर आहे. ते बाहेरून दिसत नाही.

डी४ आणि पाद्रोन १९६४, दोन्ही मध्यमाच्या वरच्याच. रिकाम्या पोटी कुठलीच ओढू नये. गरगरायला लागलं तर सिगार खाली ठेवावी आणि काहीतरी गोड खावं.

ओढून बघताना

कापायचं ते अगदी थोडं. टोकावर रॅपरच्याच पानाची टोपी चिकटवलेली असते. तिची खालची कड जिथे संपते त्याच्या वरच कटर चालवायचा, दोनेक मिलिमीटर पुरतात. टोपीच्या खाली गेलात तर रॅपर सुटायला लागतं. मग न पेटवताच एक झुरका घ्या. हा कोरडा झुरका फार लोक वगळतात, आणि सिगारबद्दल सगळ्यात प्रामाणिक माहिती त्यातच मिळते. हवा सहज आली पाहिजे, थोडासा विरोध जाणवला पाहिजे. डी४ मध्ये इथे सुक्या चाऱ्याचा, मातीचा वास येतो. पाद्रोनमध्ये कोको जवळजवळ लगेच.

पेटवताना ज्योत टोकाला भिडवायची नाही. थोडी लांब धरून, सिगार फिरवत, आधी कडा तांबूस करून घ्यायच्या आणि मगच ओढायची. त्यानंतर मिनिटाला एखादा झुरका. घाई केली की निखारा तापतो, धूर कडू होतो, आणि दोष बिचाऱ्या सिगारला लागतो.

डी४ चा पहिला एक तृतीयांश भाग मिरीचा आणि मातीचा. इथे पुष्कळांना प्रश्न पडतो की यात एवढं काय आहे. थांबायचं. मधल्या भागात मिरी मागे सरते, चामड्याचा आणि भाजलेल्या पावाचा वास पुढे येतो, मध्येच एखाद्या झुरक्यात मधासारखं काहीतरी येऊन जातं आणि पुन्हा सापडत नाही. शेवटी कडक कॉफी. ही चव तुम्हाला शोधावी लागते. त्यासाठी एक युक्ती: धूर तोंडात असताना त्यातला थोडासाच नाकावाटे बाहेर सोडायचा. जिभेला गोड, कडू, खारट, आंबट एवढंच ढोबळ कळतं. चामडं, लाकूड, मध हे सगळं नाकाचं काम आहे. पहिल्यांदा नाक चुरचुरेल, डोळ्यांत पाणीही येईल. प्रत्येक झुरक्याला हे करायची गरज नाही.

पाद्रोन तुम्हाला शोधायला लावत नाही. कोको, कॉफी, भाजलेले दाणे, आणि नाकात मिरी. पहिल्या पाच मिनिटांत तिने सगळे पत्ते उघडे केलेले असतात. मादुरो घेतली तर त्यावर गडद चॉकलेटची गोडी. पुढे चव दाट होत जाते, पण वळण घेत नाही. काहींना हे एकसुरी वाटतं. मला वाटत नाही, कारण तो सूर शेवटच्या दोन इंचांपर्यंत बेसूर होत नाही, आणि हे फार थोड्या सिगारना जमतं. मात्र एक खरं की पाद्रोन ओढून झाल्यावर तिची आठवण 'चांगली होती' एवढीच राहते. डी४ चा एखादा झुरका डोक्यात घर करून बसतो.

भरवसा

हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. डी४ ची पेटी उघडली तर त्यात एखादी अशी निघतेच की ओढताना गाल आत जातात. भरणाची पानं जास्त दाबली गेली किंवा एखादं पीळ खाऊन बसलं की हवेची वाट बंद होते. ओढ तपासणारी यंत्रं क्यूबाच्या कारखान्यांतही आहेत, तरी हे होतं. अशी सिगार तुमची पहिलीच असली तर सिगार या प्रकाराबद्दलच कायमचं वाईट मत व्हायचं. पाद्रोनच्या बाबतीत हे क्वचित घडतं. राख घट्ट राहते, जळण सरळ चालतं, पुन्हा पुन्हा पेटवावी लागत नाही.

दुसरा भरवसा वयाचा. पाद्रोन १९६४ ची तंबाखू वळण्याआधीच चार वर्षं मुरवलेली असते. घेतली, पेटवली, झालं. क्यूबाची सिगार पुष्कळदा तरुणच बाजारात येते. तिला कधी अमोनियाचा वास असतो, झुरका घशाशी खरखरतो. तीच पेटी दोन-तीन वर्षं नीट ठेवली की सगळे कोपरे गोल होतात. म्हणजे डी४ चं खरं रूप बघायचं तर ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, हवा, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास आणि खोली थंड. उष्णता २५ अंशांच्या वर गेली की पानांत दडलेली तंबाखू-किड्याची अंडी फुटतात, आणि रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसायला लागतात. तोवर आतलं बरंच खाऊन झालेलं असतं.

तिसरा, नकली मालाचा. क्यूबाच्या सिगारइतकी नक्कल दुसऱ्या कुठल्या सिगारची होत नाही. काचेच्या झाकणाची पेटी दिसली की पाठ फिरवावी, अस्सल माल त्यात येत नाही. पेटीच्या तळाला 'हबानोस एस.ए.' (कंपनीचं नाव), 'एचो एन कूबा' (क्यूबात बनवलेली), 'तोतालमेंते आ मानो' (पूर्णपणे हाताने) हे शब्द डाग देऊन उमटवलेले असतात. छापलेले नव्हेत, बोट फिरवलं तर खोलगट लागतात. शेजारी कारखान्याचं सांकेतिक नाव आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष शिक्क्याने मारलेलं असतं. सुटी सिगार घेताना पेटी समोर नसेल तर हे काहीच तपासता येत नाही. पाद्रोनने यावर साधा उपाय केला आहे: प्रत्येक सिगारच्या दुसऱ्या पट्टीवर स्वतंत्र क्रमांक.

मग कुठली?

पहिलीच असेल तर पाद्रोन, आणि तीही नॅचरल. मादुरोची गोडी बाकीच्या चवी थोड्या झाकते. ज्याने आधी काही सौम्य सिगार ओढल्या आहेत, नाकाने धूर सोडायला जमतं, आणि घरात ठेवायची सोय आहे, त्याने डी४ घ्यावी. 'क्यूबाची सिगार कशी असते ते एकदा बघायचंय' एवढीच इच्छा असेल तर तीही चुकीची नाही, पण मग निदान दोन घ्या, म्हणजे एक अडकलेली निघाली तरी हिरमोड होणार नाही.

दोन्हींना पाऊण ते एक तास लागतो, हे मात्र लोक विसरतात. एवढा वेळ नसेल, किंवा इतका कडकपणा नको असेल, तर हा वाद बाजूला ठेवून डॉमिनिकन रिपब्लिकमधली आर्तुरो फुएंते हेमिंग्वे, 'शॉर्ट स्टोरी' आकारातली, बघावी. चार इंच लांब, दोन्हीकडे निमुळती, वर कॅमेरूनचं पान. देवदाराचा वास, हलकी गोडी, मध्यम कडकपणा, अर्ध्या-पाऊण तासात संपते. निमुळत्या टोकामुळे पेटवायला सोपी. सुरुवातीचे दोन-तीन झुरके ओढ घट्ट लागेल, निखारा जाड भागापर्यंत पोचला की आपोआप मोकळी होते.

डी४ वरच मन बसलं असेल तर सुटी मागतानाही दुकानदाराला ती ज्या पेटीतली आहे ती पेटी उलटी करून दाखवायला सांगा. तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल तर लगेच ओढायला हरकत नाही. सहा महिन्यांची असेल आणि तुमच्याकडे ह्युमिडॉर नसेल, तर त्या दिवशी पाद्रोनच घ्या.