ब्राउझरमध्येच व्हिडिओ कापायचाय, एफएफएमपेग टूल घ्यायचं की मीडियाबनी लायब्ररी?

ठाण्यात घंटाळीजवळच्या एका कथक क्लाससाठी छोटं पेज करून देत होते, पालकांनी फोनमधला व्हिडिओ निवडायचा, पुढचं-मागचं कापायचं आणि फक्त आपल्या मुलीचा नाच पाठवायचा. लहान मुलींचे व्हिडिओ आहेत, त्यामुळे कापून टाकलेला भाग फोनबाहेर जाताच कामा नये, सर्व्हरवर चढवून कापणं तिथेच बाद.

मीडियारेकॉर्डर हा रेकॉर्डिंगचा एपीआय ब्राउझरमध्ये आयता मिळतो पण तो व्हिडिओ चालवूनच रेकॉर्ड करतो, म्हणजे 8 मिनिटांच्या नाचाला 8 मिनिटं बसा. सोडून दिला.

एफएफएमपेग हे एरवी टर्मिनलमध्ये कमांड देऊन चालवायचं व्हिडिओ टूल, त्याचं वेबअसेंब्लीवालं, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं रूप मात्र दमदार आहे, जुनी एव्हीआय फाइलसुद्धा उघडतं आणि कमांड टर्मिनलमधल्याच. पण पेजसोबत डाउनलोड होणारी त्याची मुख्य (कोअर) फाइलच 30 एमबीच्या आसपास, शिवाय साधारण 2 जीबीच्या वरची फाइल नेहमीच्या पद्धतीने मेमरीत घेता येत नाही. मल्टिथ्रेड, म्हणजे प्रोसेसरचे अनेक कोअर एकदम वापरणं, हवं तर सर्व्हरच्या उत्तरात दोन सुरक्षा हेडर (COOP आणि COEP) लावा, आणि ते लावले की पेजवरचा यूट्यूब एम्बेड अडतो. कॉपी मोडने, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता व्हिडिओ जसाच्या तसा उचलून, कापलं तर काम क्षणात होतं, पण इथेच सांभाळा. कॉपीत सुरुवात कीफ्रेमवरूनच (स्वतःत पूर्ण असलेल्या फ्रेमवरूनच, मधल्या फ्रेम तिच्यावर अवलंबून असतात) होते, आणि एक्स264 या व्हिडिओ एन्कोडरच्या डिफॉल्टला दोन कीफ्रेममध्ये 250 फ्रेमपर्यंत अंतर असू शकतं, सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर ते झाले 10 सेकंद! मी गडकरी रंगायतनमधल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नमस्कारापासून कापला, प्लेअरमध्ये बरोबर नमस्कारच दिसला, पण फाइल तपासली तर आधीची मुलगी विंगेत जातेय ते फ्रेम आत तसेच होते, फक्त दाखवू नको एवढी नोंद होती. मला हे अजिबात चालणार नव्हतं.

मीडियाबनी हलकी आहे, लागेल तेवढीच फाइल वाचते, ट्रिमला सुरुवात आणि शेवट सेकंदात द्यायचे, एन्कोडिंग ब्राउझरमध्येच असलेल्या वेबकोडेक्स या एपीआयकडून होतं, फोनचं हार्डवेअर असेल तर ते वापरतं. नव्याने एन्कोड झालं की जुने फ्रेम खरंच जातात, कट नेमका बसतो, क्वालिटी किंचित उतरते तेवढं चालतं.

वेबकोडेक्स क्रोममध्ये 94 पासून म्हणजे 2021 पासून आहे, डेस्कटॉप फायरफॉक्सला 130 पासून, सफारीत व्हिडिओपुरतं 16.4 पासून. त्यामुळे पालकांच्या फोनसाठी मी मीडियाबनीच लावली, आणि जिथे वेबकोडेक्स नाही तिथेच एफएफएमपेग लोड होतं, तेही कॉपी न करता पुन्हा एन्कोड करून, वेळ लागला तरी. तुमच्याकडे फक्त स्वतःचे स्क्रीन रेकॉर्डिंग कापायचे असतील तर कॉपी मोड बिनधास्त वापरा.