दोन शेपट्यांची एक केबल : ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर अडॅप्टरचा वापरानंतरचा अनुभव

वॉरंटीमधून बदलून आलेला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) मला केबलींशिवाय देण्यात आला आणि ‘जुन्याच केबल लावा, कंपनी एकच आहे’ असे काउंटरवर सांगण्यात आले, तेव्हाच हा अनुभव सविस्तर लिहायचे मी ठरवले. कार्डाच्या वेगाबद्दल किंवा फ्रेम्सबद्दल येथे काहीही नाही. १२ व्होल्टचा प्रवाह एसएमपीएसपासून कार्डापर्यंत नेणाऱ्या वायरींबद्दलच मला सांगायचे आहे, कारण लाखभराच्या संगणकात सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडेच दिले जाते.

मी नाशिकमध्ये वास्तुविशारद आणि बांधकाम व्यावसायिकांसाठी इमारतींची त्रिमितीय चित्रे आणि वॉकथ्रू तयार करतो. कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय सुपर आहे, म्हणजे २८५ वॅटचे. एसएमपीएस ७५० वॅटचा, मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणारा), परंतु अशा कार्डांना लागणारी १६-पिन पॉवर केबल येण्याआधीच्या पिढीतला होता. त्यामुळे कार्डाच्या खोक्यातला दोन ८-पिन ते एक १६-पिन असा अडॅप्टर वापरणे भाग होते. संगणक शहरातल्या एका दुकानात दिवाळीच्या सुमारास असेंबल करून घेतला. गेम खेळताना भार सतत कमीजास्त होत राहतो. रेंडरला लावलेले कार्ड मात्र रात्रभर पूर्ण भारावर असते, आणि जोड तापायला तसाच सलग भार लागतो.

पहिल्या काही महिन्यांत माझे मत अडॅप्टरच्या विरोधात होते. तो जाड, ताठ आणि कुठेही नीट न बसणारा आहे. कार्डाची रुंदी आणि कॅबिनेटची काच यांच्यामध्ये जागा इतकी कमी की काच लावताना वायरी दाबल्या जात होत्या, आणि १६-पिन प्लगपासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत वायर सरळ ठेवावी ही सूचना पाळणे अशक्य होते. शेवटी अधिक रुंद कॅबिनेट घेतले. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्याबरोबर वितळलेल्या प्लगची जी छायाचित्रे फिरू लागली, ती मी पाहिली होती. एनव्हिडियाने त्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ५० प्रकरणांचा उल्लेख करून प्लग पूर्ण न बसणे हे मुख्य कारण सांगितले. पुढे २०२३ मध्ये सॉकेटची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात सेन्स पिना (किती वीज घ्यायची हे कार्डाला सांगणाऱ्या छोट्या पिना) आखूड केल्या, जेणेकरून प्लग अर्धवट बसला तर कार्डाने भार घेऊच नये. हे सगळे वाचून मी दर आठवड्याला विजेरी घेऊन तो १६-पिन प्लग न्याहाळत असे. प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसत नव्हती, खटका बसलेला होता, रंगही बदललेला नव्हता.

बिघाड झाला तो दुसऱ्या टोकाला. मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, एका रात्री रेंडर अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले. कॅबिनेट उघडल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. १६-पिनचा प्लग स्वच्छ होता आणि हाताला जेमतेम कोमट लागत होता. एसएमपीएसच्या बाजूचा प्लग मात्र सहजी निघेना. निघाला तेव्हा त्याची दोन घरे (पिनांच्या जागा) तपकिरी पडून फुगलेली होती. तेथून मागे वायर तपासत गेल्यावर कळले, की दुकानातल्या असेंबलरने अडॅप्टरचे दोन्ही ८-पिन प्लग एकाच केबलच्या दोन शेपट्यांना जोडले होते. एसएमपीएसचा दुसरा पीसीआय-ई पोर्ट (कार्डाची केबल लावायची जागा) रिकामा होता आणि त्याची केबल खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली तशीच पडून होती.

येथे आकडे मांडणे आवश्यक आहे, कारण माझे मत आकड्यांनीच बदलले. २८५ वॅटमधला काही वाटा मदरबोर्डच्या स्लॉटमधून येतो. केबलच्या वाट्याला समजा २५० वॅट उरतात. १२ व्होल्टवर हा प्रवाह जवळपास २१ अँपिअर होतो. १६-पिन प्लगमध्ये १२ व्होल्टच्या सहा पिना असतात, म्हणजे प्रत्येकीवर साधारण ३.५ अँपिअर; तिची क्षमता ९.५ अँपिअर धरली जाते. पूर्ण ६०० वॅटला मात्र हाच आकडा ८.३ अँपिअरवर जातो आणि सुरक्षिततेची फट फारच अरुंद होते. ४५० वॅटच्या ४०९० ची किंवा ५७५ वॅटच्या ५०९० ची चिंता वेगळी आहे ती यामुळे. माझ्या कार्डाला तेथे भरपूर मोकळीक होती. एसएमपीएसच्या बाजूला मात्र तोच २१ अँपिअरचा प्रवाह १२ व्होल्टच्या केवळ तीन वायरींमधून आणि तीन टर्मिनलांमधून जात होता, म्हणजे प्रत्येकी जवळपास ७ अँपिअर. ८-पिन जोडाचे प्रमाणित १५० वॅट धरले तर हा आकडा ४.२ च्या आत असतो. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की त्याच टर्मिनलमध्ये उष्णता चौपट. वायरीवर चांगले दाबून बसवलेले (क्रिम्प केलेले) नवे टर्मिनल ७ अँपिअर सहन करीलही, परंतु रात्रभराच्या भाराने त्यातली पिन पकडणारी स्प्रिंग थोडी सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की ताप वाढतो आणि तापाने स्प्रिंग आणखी सैल होते.

म्हणून अडॅप्टरवरचा माझा राग येथे संपला आणि तो पूर्णपणे पिगटेल केबलवर गेला. एका प्लगमधून निघून दोन ६+२ पिन शेपट्यांमध्ये फुटणारी ही केबल एसएमपीएसबरोबर दिलीच का जाते, हा प्रश्न मला आजही छळतो. दोन शेपट्या दिसल्या की असेंबलर त्या लावणारच. केबल कमी, कॅबिनेट नीटस, काम लवकर. १५०-२०० वॅटच्या कार्डापर्यंत ते चालून जाते, आणि अनेक उत्पादक एका ठरावीक वॅटनंतर प्रत्येक सॉकेटसाठी स्वतंत्र केबल वापरा असे पुस्तिकेत लिहितातही. पण ती सूचना केबलवर छापलेली नसते. दुसऱ्या शेपटीवर एक पिवळी पट्टी आणि ‘जड कार्डाला दुसरी केबल लावा’ एवढे शब्द छापायला कितीसा खर्च येईल? अडॅप्टरच्या सेन्स वायरी कार्डाला ‘३०० वॅटपर्यंत घे’ असे सांगतात. दोन्ही प्लग वेगळ्या केबलींचे आहेत की एकाच केबलचे, हे कार्डाला कळण्याची कोणतीही सोय नाही. ते पाहणारा फक्त माणूस असतो, आणि तो माणूस दुकानात घाईत असतो.

दुकानदाराने आधी कार्डाला दोष दिला आणि नंतर महावितरणच्या व्होल्टेजला. सर्व्हिस सेंटरचे नाशिकमधले कार्यालय केवळ माल स्वीकारते; तपासणी बाहेर होते. तिकडून उत्तर आले की ‘ओव्हरलोड, वॉरंटीत बसत नाही’. मी लेखी उत्तर दिले, की त्यांच्याच पुस्तिकेत दोन शेपट्यांची केबल दोन्ही टोके वापरून कार्डाला जोडल्याचे चित्र आहे आणि माझ्या पुस्तिकेत त्यासाठी वॅटची कोणतीही मर्यादा दिलेली नाही. चित्राचे छायाचित्र सोबत जोडले. बऱ्याच ईमेलनंतर एसएमपीएस बदलून देण्याचे मान्य झाले. कार्डाला इजा झाली नव्हती, हे नशीबच म्हणावे लागेल.

आणि मग तो केबलींशिवायचा डबा आला. मॉडेल नवे, एटीएक्स ३.१ या एसएमपीएसच्या मानकाचे. मी काउंटरवरच्या मुलाला शांतपणे विचारले, ‘दादा, या मॉडेलची पिनरचना आणि जुन्याची पिनरचना एकच आहे, असे लिहून द्याल का?’ तो म्हणाला, ‘सर, प्लग बसतो ना, मग चालतं.’ हे वाक्य एखाद्याचा संगणक जाळू शकते. कार्डाच्या बाजूची ८-पिन रचना प्रमाणित आहे. एसएमपीएसच्या बाजूची नाही. तेथे कोणत्या घरात १२ व्होल्ट आणि कोणत्या घरात ग्राउंड (प्रवाहाची परतीची वायर), हे प्रत्येक उत्पादक, आणि कधी कधी एकाच उत्पादकाची प्रत्येक मालिका, आपापले ठरवते. आमच्या सोसायटीत अंबडच्या एका कारखान्यात पॅनेल वायरिंग करणारे काका राहतात. त्यांनी मल्टिमीटर आणून जुन्या केबलची कंटिन्युइटी (कोणती वायर कुठून कुठे जाते ते) तपासली आणि काहीही न जोडता नव्या एसएमपीएसच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट कुठे येतात ते मोजले. नव्या सॉकेटमध्ये १२ व्होल्टच्या एका घरासमोर जुन्या केबलची ग्राउंडची वायर येत होती. ते मोजमाप कागदावर काढून मी सेंटरला पाठवले, आणि त्यानंतर पूर्ण केबल संच आला. एसएमपीएस वॉरंटीत द्यायचा असेल तर केबलींसकट द्यावा आणि केबलींसकटच परत घ्यावा. पावतीवर केबलींची संख्या लिहून घ्यावी.

नव्या संचात १६-पिनची थेट केबल होती, परंतु मी काही आठवडे मुद्दाम जुना अडॅप्टरच वापरला, या वेळी दोन स्वतंत्र केबलींवर. काकांच्या डीसी क्लॅम्प मीटरने पूर्ण भारावर एकेक वायर मोजली, तेव्हा सगळे आकडे साडेतीनच्या आसपास आले आणि वायरींमधला फरकही किरकोळ होता. एसएमपीएसच्या बाजूचे प्लग तासाभराच्या रेंडरनंतरही हाताला गार लागत होते. कार्डाच्या खोक्यातला अडॅप्टर, योग्य रीतीने पोसला तर, २८५ वॅटसाठी उत्तम आहे, असे माझे आजचे मत आहे. सुटा विकत घेतलेल्या अडॅप्टरबद्दल मी असे म्हणणार नाही. कोनात वळवणारे छोटे अडॅप्टर दिसायला मोहक असतात, पण ते वाटेत आणखी एक जोड वाढवतात. केबलमॉड या नावाजलेल्या कंपनीलाही आपले असे सुमारे २५,३०० अडॅप्टर फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत परत बोलवावे लागले.

दुकानांमध्ये स्वस्तात मिळणारे साटा (हार्ड डिस्कला वीज देणारा जोड) ते ८-पिन अडॅप्टर तर हातातही घेऊ नयेत. साटा जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्याच्या दुसऱ्या टोकाला १५० वॅट मागणारा प्लग बसवणे म्हणजे आग लागायची वाट पाहणे आहे. साधा ६-पिन प्लगही ७५ वॅट मागू शकतो, तोही त्यात बसत नाही. काटकसर मलाही प्रिय आहे. म्हणूनच सांगतो, की एसएमपीएसवर पुरेसे पीसीआय-ई पोर्ट नसतील तर त्या कार्डासाठी तो एसएमपीएस नाही.

आता थेट १६-पिन केबल लावली आहे, कारण तिच्यात जोड कमी आहेत आणि कॅबिनेटमध्ये हवा मोकळी खेळते. कार्डाची पॉवर लिमिट (कमाल वीजवापराची मर्यादा) ८० टक्क्यांवर ठेवली आहे; रेंडरला थोडाच वेळ अधिक लागतो आणि जोडांमधली उष्णता, प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने, सुमारे एक तृतीयांशाने उतरते. प्लग बसवताना कार्डाला मागून हाताचा आधार देऊन सरळ दाबतो, खटका बसल्याचे डोळ्यांनी पाहतो आणि मग हलकेच ओढून खात्री करतो. एकदा बसला की तो विनाकारण काढत नाही, कारण या जोडाची काढघाल जेमतेम ३० वेळांसाठी प्रमाणित आहे. दिवाळीच्या साफसफाईत धूळ ब्लोअरने उडवावी, प्लगला हात लावू नये. एसएमपीएसच्या बाजूचे प्लग मात्र महिन्यातून एकदा, लांब रेंडर चालू असताना, बाहेरून बोटाने चाचपतो. जुन्या संचाच्या केबली सेंटरला परत केल्या, म्हणजे त्या घरातल्या दुसऱ्या एखाद्या संगणकात चुकून लागायला नकोत. अडॅप्टर कार्डाच्या खोक्यात ठेवला आहे, कारण कार्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर मूळ साहित्य पूर्ण मागतात.