मोनोशॉक रिबिल्ड: नेमकं कशाचे पैसे द्यायचे?

मोटरसायकलचा मागचा शॉकअप बसला की गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात: नवीन टाका, नाहीतर रिपेअर करून घ्या. अडचण ‘रिपेअर’ या शब्दात आहे. त्याच नावाखाली तीन अगदी वेगळी कामं विकली जातात आणि त्यांच्या दरात चार-पाच पटींचा फरक असतो.

आधी साध्या गाड्यांचं. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना अशा दोन शॉकअपच्या गाड्यांना रिबिल्ड, म्हणजे शॉकअप उघडून आतले झिजलेले भाग बदलणं, करूच नये. चांगल्या बनावटीची नवी जोडी साधारण दीड ते अडीच हजारांत येते. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यामुळे 128 रुपयांची वस्तू 118 ला मिळायला हवी. बिलात जुना दर लावलेला नाही ना, ते बघा. गळका एकच शॉकअप उघडून त्यात तेल भरून देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. एक बाजू कडक आणि दुसरी मऊ झाली की चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) पीळ बसतो आणि वळणावर गाडी हलते. जोडी बदलायची ती दोन्ही बाजूंची.

खरा प्रश्न मोनोशॉकचा, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाड्यांचा आहे, कारण नवा महाग पडतो आणि जुन्याची स्प्रिंग, बॉडी, वरखालच्या कड्या सहसा शाबूत असतात.

यातलं पहिलं काम हजार-दीड हजारात होतं. बॉडीला भोक पाडतात, जुनं तेल काढतात, हाताला येईल ते नवं भरतात, व्हॉल्व्ह वेल्ड करतात आणि कॉम्प्रेसरची हवा मारतात. हे काम कोणत्याही दराने नको. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं सील करपतं. साध्या हवेबरोबर ओलावा आत जातो. इंजिन ऑइल किंवा जाड फोर्क ऑइल भरलेलं असेल तर सलग खड्ड्यांत चाक परत खाली यायला उशीर होतो आणि मागची बाजू हळूहळू दबून दगडासारखी होते. शिवाय गॅसचा दाब न काढता भोक पाडणं कारागिराच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरं काम अडीच हजारांच्या आसपास: सील बदलतात, तेल बदलतात, नायट्रोजन भरतात. रॉड (शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकणारी चकचकीत दांडी) चांगला असेल तर हे पुरतं. तिसरं म्हणजे पूर्ण रिबिल्ड, साधारण साडेतीन ते सहा हजार. त्यात ऑइल सील, डस्ट सील, सगळ्या ओ-रिंग, सील हेडमधला बुश, पिस्टनवरची पट्टी आणि बंप स्टॉपचं (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं) रबर बदललं जातं. शहराप्रमाणे आणि गाडीप्रमाणे दर हलतात, म्हणून आकड्यापेक्षा बिलात ही नावं वेगवेगळी लिहिलेली आहेत का ते पाहा. तेल 150 ते 250 मिली लागतं. चांगलं सिंथेटिक सस्पेन्शन तेल लिटरला हजाराच्या पुढे असलं, तरी तुमच्या वाट्याचा तेलाचा खर्च तीन-चारशेच असतो. बाकीचे पैसे उघडण्याचे आणि नीट बंद करण्याचे. कंपनीच्या बऱ्याच शॉकअपचं तोंड पत्रा दुमडून बंद केलेलं असतं, आत लॉक (काढता-घालता येणारी कडी) नसतं. ती दुमड लेथवर काढून लॉकसाठी खाच पाडावी लागते. ही मजुरी वाजवी आहे आणि एकदाच द्यावी लागते. पुढच्या वेळी तोच शॉकअप निम्म्या वेळात उघडतो.

सगळा निकाल लागतो तो रॉडवर. रॉड पुसून त्यावरून नख वरून खाली फिरवा. गुळगुळीत लागला तर रिबिल्ड करा. जिथे नख अडकतं, तिथे क्रोम उडून टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा पडलेला असतो, आणि तो दर उडीला नव्या सीलची कड खरवडतो. असा रॉड ठेवून सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पॉलिश पेपर मारून खड्डा जात नाही. रॉड ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम करावा लागतो किंवा नवा बनवावा लागतो. हा खर्च धरून एकूण रक्कम नव्या शॉकअपच्या साठ टक्क्यांवर जात असेल, तर नवाच घ्या.

उघडल्यावर निघालेलं तेल दाखवायला सांगा. काळपट-करडं असेल तर पट्टी आणि बुश झिजलेत. दुधाच्या चहासारखं असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. आपल्याकडे पावसाळ्यातला चिखल आणि वॉशिंग सेंटरचा थेट रॉडवर मारलेला फवारा, ही त्याची नेहमीची कारणं. मागच्या चाकाची माती रॉडवर उडत असेल तर दोन-अडीचशे रुपयांचा रबरी पडदा लावून घ्या. एवढ्या पैशांत शॉकअपचं आयुष्य वाढवणारी दुसरी वस्तू नाही.

नायट्रोजनचा हट्ट का, तेही समजून घ्या. 14 मिमी जाडीचा रॉड 60 मिमी आत गेला की सुमारे 9 मिली तेलाची जागा घेतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून ती जागा गॅस आकसून देतो. आतला सरकता पिस्टन तेल आणि गॅस वेगळे ठेवतो. तो चुकीच्या खोलीवर बसवला तर गॅसला आकसायला जागा उरत नाही, शॉकअप मध्येच अडतो किंवा सील उडतं. गॅसचा दाब कमी पडला तर तेलाला फेस येतो. असा शॉकअप पहिली दहा मिनिटं छान चालतो, मग ताम्हिणीसारख्या खडबडीत घाटात तापला की गाडी डुलायला लागते. टायरच्या दुकानातल्या नायट्रोजनने हे काम होत नाही. 10 बार किंवा त्याहून जास्त दाब सिलिंडर आणि रेग्युलेटर असलेल्यांकडेच मिळतो.

स्प्रिंग चढवण्याआधी समोर तपासायची एक खूण आहे. 10 बार दाब असताना 14 मिमीच्या रॉडवर साधारण 15 किलोचा जोर बाहेरच्या दिशेने असतो. रॉड अंगाचा भार टाकूनच आत जायला हवा आणि सोडल्यावर एकसारख्या वेगाने, मध्ये झटका न घेता, पूर्ण बाहेर यायला हवा. मध्येच ‘पोकळ’ लागला तर आत हवा राहिली आहे, पुन्हा ब्लीड करायला, म्हणजे ती हवा काढायला सांगा.

कित्येकदा शॉकअपचा दोषच नसतो. चिमटा आणि शॉकअप यांच्यामध्ये लिंकेज (जोडदांड्या) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 मध्ये, लिंकेजच्या नीडल बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं की मागचा भाग कडक होतो आणि करकर वाजतो. शॉकअप काढल्यावर चिमटा हाताने वरखाली करून पाहा. तो अडखळत असेल तर आधी बेअरिंग धुऊन ग्रीस करा, खर्च काहीशे रुपयांचा.

गाडी जोडल्यावर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) पुन्हा लावून घ्या. हिमालयनच्या मागच्या चाकाची हालचाल 180 मिमी आहे, म्हणजे चालक बसल्यावर मागची बाजू 50 ते 60 मिमी खाली यायला हवी. रबरी बुश असतील तर वरखालचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. 500 किमी झाले की रॉड पुसून बोट फिरवा. तेलाचा पुसटसा थर चालतो. थेंब दिसला तर वॉरंटीत परत द्या, आणि त्यासाठी बिलावर मुदत व किलोमीटर दोन्ही आधीच लिहून घ्या.