रायझेन ७७००एक्स : इको मोड लावा, पंखे गप्प करा

नाशिकची हवा थंड म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये इंदिरानगरातल्या माझ्या खोलीत बसून दाखवावं. वरचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब. तिथे दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे, रात्री गेम खेळायचे, आणि दोन्ही कामांना हाच एएमडी रायझेन ७ ७७००एक्स प्रोसेसर. ८ कोर (काम करणारे भाग), १६ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, म्हणजे गरजेला गाठायचा वेग. वेगाबद्दल काही म्हणणं नाही.

पण मूळ सेटिंगवर तो १४२ वॅटपर्यंत खेचतो आणि रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की ९५ अंश सेल्सिअसला जाऊन टेकतो. कंपनी म्हणते, एवढं चालतं त्याला. चालत असेल. आमच्याकडे मात्र पंखे जोरात घोंगावतात आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, "अरे, तो मिक्सर बंद कर आधी!"

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इको मोड, म्हणजे वीज कमी खेचायला लावणारी सेटिंग, ६५ वॅटवर ठेवा. नाव ६५ चं, खरी मर्यादा ८८ वॅटची. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, म्हणून घाईची डिलिव्हरी असली की मी मोड काढतो. गेममध्ये मात्र फरक शोधत बसावं लागतं. बहुतेक गेम आठही कोर एकदम पिळत नाहीत. मुख्य भार एक-दोन थ्रेडवर, बाकीचे अर्धवट कामात. ८८ वॅटमध्ये त्यांचं भागतं. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये तर आधी ग्राफिक्स कार्डच दमतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा असेल तर गेमच्या फ्रेमही तिथेच बांधा, कार्ड आणि प्रोसेसर दोघंही कमी खातात.

एसएमटी (एका कोरवर दोन थ्रेड चालवायची सोय) बंद करायचा सल्लाही मिळतो. त्याने काही गेम किंचित सुधारतात, काही अडखळतात. दर गेमला रीस्टार्ट कोण करणार? आणि कोर बंद करणं तर मला पटतच नाही. पैसे आठांचे मोजलेत ना?

वीजबिल मात्र फार उतरेल असं समजू नका. ४० वॅट वाचले आणि रोज ४ तास खेळलात, तरी महिन्याला जेमतेम ५ युनिट. फायदा आहे तो खोलीला आणि कानांना.

७७००एक्ससोबत कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) येत नाही, तो खर्च वेगळा. जानेवारी २०२३ मध्ये आलेला साधा ७७०० मुळातच ६५ वॅटचा आहे, बूस्ट ५.३ गिगाहर्ट्झ, कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) तीच ३२ एमबी, वर डब्यात कूलर. नुसतं गेमिंगच करायचं असेल तर दुकानदार कितीही म्हणाला "एक्सच घ्या दादा", तरी साधा मागा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.