टायमिंग बेल्ट: एकदा स्वतः, दोनदा पैसे मोजून

आमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या क्रँकला वरच्या कॅमशी जोडून दोघांना ठेक्यात ठेवणारा दातेरी पट्टा, आतापर्यंत तीनदा बदलला. पहिल्यांदा एका मेकॅनिकने, दुसऱ्यांदा मी, तिसऱ्यांदा दुसऱ्या मेकॅनिकने. गाडी तीच, चार सिलिंडरची, वर एकच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व (झडपा) उघडणारा दांडा. त्यामुळे तुलना करायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते.

पहिल्या कामाला पाचपैकी एक तारा. काम झटपट झालं, बिल कमी आलं, मी खूश. बावीस हजार किलोमीटरनंतर बॉनेटखालून घरघर सुरू झाली. बेल्ट नवा होता, पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) जुनेच ठेवले होते आणि टेन्शनरचं बेअरिंग वाजत होतं. बिलावर फक्त ‘बेल्ट’ लिहिलेलं होतं, आणि हिशेबाच्या कामात मुरलेल्या मला ते तेव्हा दिसू नये, याचा राग मला माझाच जास्त आला. बेल्ट एकटा जगत नाही. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं किंवा याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळवणारा) अडकला, तर नवाकोरा बेल्टही दाते गमावतो. आमचं इंजिन इंटरफेरन्स प्रकारचं, म्हणजे बेल्ट गेला की उघडे राहिलेले व्हॉल्व वर येणाऱ्या पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. मग गोष्ट हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व असलेला वरचा भाग, उतरवण्यापर्यंत जाते.

म्हणून दुसऱ्यांदा मी स्वतः बसले. पूर्ण किट आणलं: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप. क्रँक पुलीचा बोल्ट वेगळा नवा घेतला, कारण आमच्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत तो एकदाच वापरायचा असं स्पष्ट लिहिलंय. किटला पाच तारे. मोजमाप तंतोतंत, बेल्टवर फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेला. तो बेल्ट खोक्यातून काढल्यावर कुणीही हौसेने उलटा दुमडून बघू नये. आत काचतंतूंचे दोर असतात, घडी पडली की ते आतल्या आत तुटतात आणि वरून काही दिसत नाही. माझा भाऊ नेमकं तेच करायला निघाला होता. त्याच्या हातातून बेल्ट काढून घेतला आणि त्याला ब्रेकवर बसवलं.

ब्रेकवर बसवण्याचं कारण तो क्रँकचा बोल्ट. गाडी पाचव्या गिअरमध्ये, भावाचा पाय ब्रेकवर, पान्याला हातभर पाइप, आणि त्या पाइपावर माझं सगळं वजन. पहिला दिवस जवळजवळ या एका बोल्टने खाल्ला. मध्येच कुणीतरी सुचवलं, पाना चासीला अडकवून स्टार्टर मार. नको म्हटलं. सुटलेला पाना कुठे जाईल ते आपण ठरवत नाही.

दुसऱ्या दिवशी जॅकवर लाकडी फळी ठेवून इंजिनला खालून आधार दिला, इंजिन धरून ठेवणारं एका बाजूचं माउंटिंग काढलं, कव्हर उघडलं. इथून पुढचं काम खरं तर सोपं आहे. फक्त जागा इतकी अरुंद की हाताची सालं जातात. क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या दोन्ही खुणा जुळवल्या, जुना बेल्ट काढला, पंप बदलला, नवा बेल्ट चढवला, टेन्शनरचा काटा खाचेसमोर आणला. मग नियमाप्रमाणे क्रँक हाताने, चालायच्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवला. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो. खालच्या पुलीला वीस दाते, वरच्या पुलीला चाळीस. मोजले आहेत, सवय आहे.

खालची खूण बरोबर बसली. वरची एक दाता मागे.

एक दाता म्हणजे कॅमचे नऊ अंश, क्रँकचे अठरा. एवढ्याने व्हॉल्व आपटले नाहीत, पण इंजिन रडतखडत चाललं असतं आणि मी महिनाभर भलतीकडेच दोष शोधला असता. चूक कुठे झाली ते समजायला मला तासभर लागला. टेन्शनर नसलेल्या बाजूला मी बेल्ट सैल ठेवला होता. टेन्शनरने ओढ घेतली, ती सगळी ढिलाई दुसरीकडे गेली आणि खूण सरकली. बेल्ट क्रँकपासून सुरू करून टेन्शनर नसलेल्या बाजूने ताणतच वर न्यायचा, टेन्शनरवर शेवटी. हे पुस्तिकेत एका ओळीत होतं. मी ती ओळ वाचून पुढे गेले होते.

पुन्हा सगळं केलं. पुन्हा दोन फेरे. स्पार्क प्लग आधीच काढले होते म्हणून इंजिन हलकं फिरत होतं. प्लग काढल्यावर मध्येच कडक अडलं तर जोर लावायचा नसतो, तिथेच थांबायचं असतं. अडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी किल्ली फिरवली तेव्हा भाऊ गाडीपासून लांब उभा होता, त्याच्या मते सहज.

मला स्वतःला तीन तारे. पैसे वाचले, पण टॉर्क पाना विकत घ्यावा लागला, तीन दिवस गाडी नव्हती आणि पुढचे दोन आठवडे प्रत्येक वेगळा आवाज मला बेल्टचाच वाटायचा. ही झोप उडण्याची किंमत कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

त्यानंतर नव्वद हजार किलोमीटर बिनतक्रार गेले, आणि मुदत आली तेव्हा मी मुकाट्याने मेकॅनिककडे गेले. चांगल्या मेकॅनिकची मजुरी जास्त वाटते खरी, पण त्यात एक कलम असतं जे मला घरी मिळत नाही: दाता चुकला तर व्हॉल्व त्याने भरून द्यायचे. एवढं मात्र बिलावर हमी म्हणून लिहून घ्या. या माणसाने आपणहून लिहिलं. पंप, टेन्शनर, आयडलर, नवा बोल्ट, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, सगळं वेगवेगळ्या ओळींत. सील मी माझ्या वेळी बदललेच नव्हते. क्रँकचं किंचित पाझरायला लागलं होतं, आणि तेल बेल्टच्या रबराला खातं. मी विचारलं, दोन फेरे मला बघता येतील का? त्याने पाना माझ्याच हातात दिला. दोन्ही खुणा जागच्या जागी. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत. पाच तारे.

कव्हर उघडताना मात्र त्याने मला हाक मारली होती.

“मॅडम, इथला एक दहाचा बोल्ट नाहीये. आधी कुणी केलं होतं हे काम?”

बोल्ट माझ्या पर्समध्ये होता. तीन दिवसांच्या कामानंतर उरला होता आणि कुठला ते कधी कळलंच नव्हतं. मी तो काढून त्याच्या हातावर ठेवला.