आयते घर की आपल्या देखरेखीखालचे घर?

आपत्तीत घरे गेलेल्या गावापुढे काही महिन्यांतच एक ठराव येतो : गाव दत्तक घेणाऱ्या संस्थेने बांधून दिलेली घरे स्वीकारायची, की अनुदानाचे हप्ते स्वतःच्या खात्यात घेऊन, अभियंत्याच्या आणि संस्थेच्या मदतीने, घर आपणच उभारायचे? ग्रामसभेत हात वर करण्यापूर्वी किल्लारीचा अनुभव पाहावा, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी चालले.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. आयत्या घरांच्या या मार्गाचा खरा लाभ त्यांना झाला, ज्यांच्या घरात बांधकामावर उभे राहायला कुणी उरलेच नव्हते. निराधार वृद्धांना आणि विधवांना गवंड्यामागे फिरावे लागले नाही. मात्र घराचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवरून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट असा ठरला. रुंद, काटकोनी रस्त्यांवर सारखे प्लॉट पडले आणि भावकीची गल्ली, ओसरी, गोठा यांची घडी मोडली. गाव पसरले, तशी नळ, रस्ते, दिवे यांची देखभालही वाढली, आणि ती कायमची ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते, हे चावी घेताना फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा मार्ग कमी नुकसान झालेल्या गावांनी घेतला. १३ जिल्ह्यांत सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनीच करायचे ठरले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. अनुदानाचे नियम समजावणे आणि बांधकामावर लक्ष ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती. शिकण्यासारखे खूप होते. मराठवाड्यातील जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असली, तरी आत दगडांचे दोन वेगळे पडदे आणि मध्ये माती-कपच्यांची भर असे. धक्क्याने पडदे सुटले आणि माळवदाचा, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छताचा, भार माणसांवर आला. यावर उपाय साधे आहेत : भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, दरवाजा-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा, माळवदावरची जादा माती उतरवणे. हे एकदा कळलेली बाई गवंड्याला नेमका प्रश्न विचारते, आणि माझ्या मते कोणत्याही संस्थेची भागीदारी याच कसोटीवर जोखावी.

या मार्गाचे दोषही ठळक आहेत. काम लांबते, मजुरी बुडते. शिवाय दगडी भिंतीची धास्ती बसल्यामुळे अनेकांनी मिळालेल्या पैशातून शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुने घर तसेच धोकादायक राहिले. केवळ पैसे हाती देणे पुरेसे नसते, हा त्याचा अर्थ आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये घरमालकाने बांधायचे आणि पाहणीनंतर पुढचा हप्ता मिळायचा, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. कच्छमध्ये गाव आणि शासन यांना जोडणारी ‘सेतू’ केंद्रे उभी राहिली आणि लातूरकडच्या स्त्रियाही तिकडे अनुभव सांगायला गेल्या.

जागाच धोक्याची असेल, तर स्थलांतराला पर्याय नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीणमध्ये दरड कोसळून १५१ जणांचा बळी गेल्यावर त्याच उतारावर राहण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही २०१७ च्या पहिल्याच पावसात नव्या वसाहतीतील भराव खचला; म्हणून घराच्या नकाशाआधी जमिनीचा अहवाल मागावा.

जमीन सुरक्षित असेल, तर मी निःसंशय दुसरा मार्ग सुचवीन. ज्यांच्याकडे राबणारे हात नाहीत, तेवढ्यांची घरे संस्थेने बांधावीत. ठरावात घर पती-पत्नी दोघांच्या नावे होईल, असे लिहून घ्यावे. गिलावा झाल्यावर काँक्रीटचा पट्टा आणि त्यातील सळ्या कुणालाच दिसत नाहीत, म्हणून गावातल्या संवाद सहाय्यक स्त्रियांची पाहणी आणि अभियंत्याची सही त्यापूर्वी झाल्याशिवाय पुढचा हप्ता सुटू नये, हेही त्याच ठरावात असावे.