स्वस्तातला ‘फुल इन्शुरन्स’: सीमाभागातल्या गाडीवाल्यांना कसं फसवलं जातं

बाराशे सीसीच्या, तीन वर्षं उलटून गेलेल्या मोटारीचा ‘फुल इन्शुरन्स’ कुणी साडेतीन हजारात करून देत असेल, तर तो कागद खोटा आहे. हे कळायला कागद बघावाही लागत नाही, आकडेमोड पुरते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर एजंटाच्या हातात नसतो आणि कंपनीच्याही नसतो, तो केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी मोटारीला हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मधल्या गटातल्या गाडीला नुसता थर्ड पार्टीच ४,०३१ रुपयांना पडतो. सध्याची बोलेरो १,४९३ सीसीची, म्हणून ती याच गटात बसते. पंधराशेच्या वरच्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीलाच ९,३१८ रुपये लागतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ‘ओडी’, आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा हे सगळं याच्या वर. सरकारने दर बदलले की नवा आकडा घ्यायचा, पण हिशेब हाच.

नव्या गाडीचा हिशेब तेवढा वेगळा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त ओडी भरायचा असतो आणि तो खरोखर स्वस्त पडू शकतो. भामटे नेमका याचाच दाखला देतात: ‘अमक्याला तीन हजारात करून दिला, तुम्हालाही देतो.’ अमक्याची गाडी दोन वर्षांची आहे, हे ते सांगत नाहीत.

आता हा खेळ चालतो कसा ते बघू. एजंट आरसीचा फोटो मागवून घेतो आणि पैसे स्वतःच्या फोन नंबरवर टाकायला सांगतो. मग एखाद्या खऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन दुचाकीचा अर्ज उघडतो. त्यात तुमच्या मोटारीचा नोंदणी क्रमांक टाकतो, पण वाहनाचा प्रकार दुचाकी ठेवतो. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी ७१४ रुपये, जीएसटीसह ८४३. तेवढे तो खरंच भरतो. हाती आलेल्या पीडीएफमध्ये फेरफार करून दुचाकीच्या जागी तुमच्या मोटारीचं मॉडेल, सीसी, विमा रक्कम, प्रीमियम असं सगळं टाइप करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. तुमच्याकडून साडेसहा हजार घेतले असतील, तर साडेपाच हजारांच्या वर त्याच्या खिशात गेले.

ही फसवणूक वर्षानुवर्षं उघडकीला येत नाही, कारण पॉलिसीचा नंबर खरा असतो. कंपन्यांकडून विम्याची माहिती नोंदणी क्रमांकावरून सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत जाते. त्यामुळे एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि मुदत दिसू शकते. नाक्यावर पोलिसाने तपासलं तरी विमा चालू दिसतो. लोक म्हणतात, ‘सरकारी अ‍ॅपवर दिसतंय म्हणजे बरोबरच असणार.’ पण पॉलिसी फुल आहे की नुसती थर्ड पार्टी, गाडीची किंमत किती धरली आहे, हे त्या अ‍ॅपवरून कळत नाही. अ‍ॅपवरची नोंद ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

खरं काय ते अपघातानंतर बाहेर येतं. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा दाखल होतो, कंपनी आपलं दप्तर काढते, आणि त्यात त्या नंबरावर दुचाकी निघते. कंपनी हात वर करते. भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि अपघातात माणूस दगावला असेल तर ही रक्कम शेत-घर विकायला लावणारी असू शकते. सीमाभागात यात आणखी एक ओढाताण आहे. दावा करणारा अपघात झाला तिथे, स्वतः राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे दावा लावू शकतो. निपाणीच्या गाडीने संकेश्वरला गडहिंग्लजच्या माणसाला उडवलं, तर तारखा महाराष्ट्रातही पडू शकतात.

आपल्याकडे हा सापळा सहज लागतो, त्याला कारण आहे. चिक्कोडी, निपाणी, खानापूर पट्ट्यात केए-२२, केए-२३ बरोबर एमएच-०९ पासिंगच्या गाड्याही भरपूर. नातीगोती, बाजार, दवाखाना दोन्हीकडे. एजंट कागलला किंवा कोल्हापुरात बसलेला असतो, गाडीवाला हुक्केरीत. कचेरीतले फलक आणि अर्ज कन्नडमध्ये, पॉलिसी इंग्रजीत. अशा वेळी मराठीत गोड बोलून ‘मी बघतो सगळं’ म्हणणारा माणूस आपला वाटतो. त्यात वाईट काही नाही, आणि नेकीने काम करणारे एजंट इथे पुष्कळ आहेत. पण पैसे त्याच्या खात्यावर टाकायचे नाहीत, एवढं पथ्य पाळाच. पैसे कंपनीच्या नावावर, कंपनीकडून आलेल्या लिंकवरूनच. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम कंपनीकडे पोहोचल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरूच होत नाही.

अर्जात मोबाइल आणि ईमेल कुणाचा टाकला आहे तेही बघा. फसवणारा एजंट तिथे स्वतःचा टाकतो, म्हणजे कंपनीचा कुठलाच मेसेज तुमच्यापर्यंत येत नाही. पॉलिसी हातात आली आणि कंपनीकडून तुमच्या फोनवर एक ओळही आली नाही, तर त्याच दिवशी चौकशी करा.

चौकशी अशी करायची. कागदावर छापलेला फोन नंबर वापरायचा नाही. तोही बदललेला असू शकतो. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा, पॉलिसी नंबर आणि गाडीचा नंबर घालून पॉलिसी स्वतः डाउनलोड करा, आणि एजंटाने पाठवलेल्या प्रतीशेजारी ठेवून ओळीनओळ जुळवा. वाहनाचा प्रकार, मॉडेल, सीसी, इंजिन नंबर आणि चेसी नंबर आरसीशी जुळले पाहिजेत. मग विमा रक्कम म्हणजे आयडीव्ही, एनसीबीचा (दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचा) टक्का, ओडी आणि थर्ड पार्टीचे वेगवेगळे आकडे, मुदत सुरू होण्याची तारीख आणि वेळ. कर्ज असेल तर बँकेचं नाव. पहिल्या पानावर मध्यस्थाचं नाव आणि कोड असतो. तिथे तुमच्या एजंटाऐवजी भलतंच नाव असेल तर कारण विचारा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीच्याच पत्त्यावर जायला हवं. नुसता मजकूर उमटला किंवा भलतीच साइट उघडली, तर पुढे जाऊ नका.

आणखी एक खूण फार कामाची आहे. फुल इन्शुरन्सची मुदत संपून गेली असेल, तर कंपनी गाडीची तपासणी केल्याशिवाय सहसा पुन्हा ओडी देत नाही. कंपनीचा माणूस येतो किंवा लिंक पाठवून चारी बाजूंचे फोटो, व्हिडिओ मागवले जातात. मुदत संपलेली असताना कुणी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही आणि पॉलिसी ‘फुल’ म्हणून आली, तर बहुधा ती फुल नाही.

कागद खरा असूनही फसवतात, ते एनसीबीत. विनादावा वर्षांसाठी ओडीवर मिळणारी ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असतानाही एजंट ५० टक्के टाकून प्रीमियम कमी दाखवतो. त्या वेळी कुणी विचारत नाही. पुढे क्लेम आला की नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, खोटं उघड होतं आणि ओडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. सही तुमची असते, एजंटाची नाही. आयडीव्ही खाली ओढणं हाही असाच प्रकार. साडेचार लाखांची गाडी तीन लाखांची दाखवली तर प्रीमियम उतरतो, आणि गाडी चोरीला गेली की हातात तीन लाखांच्या हिशेबानेच पैसे येतात.

पुण्या-कोल्हापुरातून जुनी गाडी आणणाऱ्यांनी हे नीट वाचावं. एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. विकणारा ‘५० टक्के एनसीबी आहे’ असं सांगून भाव चढवत असेल तर ते ऐकूच नका. ती त्याच्याबरोबर जाते, तुम्हाला फरकाची रक्कम भरावी लागते. गाडी नावावर झाली की थर्ड पार्टी कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येतो, ओडी येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. सहा-सहा महिने जुन्या मालकाच्या नावाची पॉलिसी घेऊन फिरणारे बरेच आहेत. ठोकर लागली की त्यांना ओडीत काही मिळत नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी घेताना एनओसीसाठी फॉर्म २८ आणि नावबदलासाठी फॉर्म २९, ३० पूर्ण झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. महाराष्ट्र पासिंगची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. तो मिळाला की विम्यातही बदलून घ्या, नाहीतर आरसीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा राहतो.

पांढऱ्या पाटीच्या गाडीतून वडाप करणाऱ्यांना एजंट सांगतात, ‘चालतंय, कोण बघतंय?’ खासगी पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. यल्लम्माच्या यात्रेला माणशी पैसे घेऊन गाडी भरली आणि वाटेत अपघात झाला, तर प्रवाशांचे जबाबच क्लेमच्या आड येतात. गाडी भाड्याने चालवायची असेल तर पिवळी पाटी आणि त्या प्रकारचीच पॉलिसी घ्या. माणसं तुमच्या भरवशावर बसलेली असतात.

प्रीमियम खरोखर कमी करायचा असेल, तर रस्ता एकच: क्लेमची वेळ न आणणं, आणि किरकोळ नुकसानीला क्लेम न करणं. ‘क्लेममधून करून टाकू, तुमचं काय जातंय’ असं गॅरेजवाला म्हणतो, तेव्हा हिशेब मांडा. प्लास्टिकचा बंपर ५,००० रुपयांचा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, उरले २,५००. त्यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हातात पडले १,५००. आणि ८,००० रुपये ओडीवरची ५० टक्के एनसीबी गेली, म्हणजे पुढच्याच वर्षी ४,००० जास्त. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही तर कधीच करू नका.

आपल्या रस्त्यांवर अपघात कुठे होतात ते सगळ्यांना माहीत आहे. ऊस हंगामात रात्री दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून गाडी येत असताना दिवे डीपरवर ठेवा आणि वेग असा ठेवा की दिव्याच्या उजेडात दिसतं तेवढ्या अंतरात गाडी थांबेल. दोन ट्रॉल्यांना मागे टाकायला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त रस्ता लागतो. धडक झालीच तर ट्रॉलीचा नाही, ट्रॅक्टरचा नंबर फोटोत घ्या. ट्रॉलीवर अनेकदा नंबरच नसतो. चोर्ला घाटात पावसाळी धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. लो बीमच ठेवा, आणि गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावू नका, वळणार आहात की नाही ते मागच्याला कळत नाही. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये या. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून धरेनासे होतात. गोव्याहून पिऊन परतणाऱ्याचा ओडी क्लेम रक्ततपासणीच्या अहवालावर जातो. त्याआधी जीव जाऊ शकतो.

पुराचं वेगळं आहे. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेच्या पाण्याने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला होता. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाची जोड घेतली नसेल तर कंपनी हे नुकसान देत नाही. गाडी ढकलून बाहेर काढा, बॅटरीची तार सोडवा, फोटो काढा आणि आधी कंपनीला कळवा.

पॉलिसी खोटी निघालीच, तर गाडी जाग्यावर उभी करा आणि त्याच दिवशी निदान खरा थर्ड पार्टी काढा. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्यांदा २,००० आणि पुढे ४,००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. एजंटाला आधी जाब विचारायला जाऊ नका, तो चॅट आणि नंबर गायब करतो. आलेली पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, पैसे पाठवल्याची पावती आधी दुसरीकडे जपून ठेवा. कंपनीला ईमेल करून ‘ही पॉलिसी आमची नाही’ किंवा ‘या नंबरावर दुचाकीची नोंद आहे’ असं लेखी मागा. पुढचं सगळं या एका उत्तरावर उभं राहतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

मग पोलीस ठाणं. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, बनावट दस्तऐवज ३३६ मध्ये. एजंट महाराष्ट्रातला असला तरी ‘तिकडे जा’ हे उत्तर मान्य करू नका. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जाईल. तो वाचून दाखवणं बंधनकारक आहे आणि प्रत मोफत मिळते, म्हणून कन्नड नीट जाणणारं माणूस बरोबर न्या आणि सही करण्याआधी रक्कम, तारीख, पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर तपासून घ्या. पॉलिसी खरी असून एजंटाने किंवा कंपनीने फसवलं असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामक आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. बेळगाव जिल्ह्यासाठी बेंगळुरू कार्यालय, कोल्हापूरकरांना पुणे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगात तक्रार आता स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कोल्हापूरच्या एजंटाविरुद्ध निपाणीकर बेळगावातच दाद मागू शकतो.